कविवर्य नारायण वामन टिळक : परधर्मात गेलेल्या एका कीर्तनकाराचे चरित्र

सज्जनहो, या मासिकाच्या पानांवर आजवर आपण संतांची चरित्रे वाचलीत, फडकरी महाराजांची वाचलीत, पायी वारीत देह ठेवणाऱ्या साध्याभोळ्या वारकऱ्यांचीही वाचलीत. आज मी ज्याचे चरित्र सांगायला बसलो आहे तो पुरुष जन्माने चित्पावन ब्राह्मण, विद्येने संस्कृताचा पंडित, पिंडाने कवी आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी ख्रिस्ती झालेला. आपल्या मासिकात याचे काय काम, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. आधी कारण सांगतो, मग कथेला लागतो.

१९९३ सालचा सप्टेंबर. गणपती बोळवून लोक निजले आणि ३० तारखेच्या पहाटे किल्लारी, सास्तूरचा मुलूख भुईसपाट झाला. मी तेव्हा तिशीतला. नांदेडहून आम्ही दिंडीतली आठदहा मंडळी भाकरीची गाठोडी आणि घोंगड्या घेऊन गेलो होतो. भाकरी वाटून झाल्या की संध्याकाळी पत्र्याच्या शेडात भजन धरायचे, कारण नुसते पोट भरून माणूस तगत नाही. एका संध्याकाळी एक म्हातारबा येऊन बसला आणि हात पुढे करून त्याने टाळ मागून घेतला. भजन रंगल्यावर त्याने एक अभंग धरला. चाल आपली, ठेका आपला, शब्द असे की जणू गाथ्याचेच पान. मी मनात चरकलो. गाथा पाठ केल्याची घमेंड होती, आणि हा अभंग आपल्या नजरेतून कसा सुटला! शेवटच्या चरणात येशूचे नाव आले, तेव्हा उलगडा झाला. शेडातल्या कोणी हरकत घेतली नाही. त्या दिवसांत कोणालाच हरकत घ्यायचे त्राण नव्हते. नंतर मी त्याला विचारले, बाबा, हे पद कुणाचे? तो म्हणाला, टिळकांचे. मला लोकमान्य तेवढे ठाऊक. हे टिळक दुसरे, असे त्यानेच मला सांगितले.

तेव्हापासून मी या दुसऱ्या टिळकांचा शोध घेत आलो. जे हाती लागले ते सांगतो.

नारायण वामन टिळक ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात करजगावी जन्मले. म्हणजे लोकमान्यांहून पाच वर्षांनी धाकटे. वडील वामनराव सरकारी नोकर आणि स्वभावाने कडक, आई जानकीबाई भाविक, काव्याची गोडी असलेली. आई लहानपणीच गेली. आई गेली की लेकराचे घर जाते, आणि याचे खरोखरच गेले. घर सोडून नारायण नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांनी त्याला पदरात घेतले, पैशाची अपेक्षा न धरता संस्कृत शिकवले. ज्याने लघुकौमुदी घोकता घोकता पहाटेची झोप गमावली आहे, त्याला या गुरुऋणाची किंमत सांगायला नको. मीही गुरुजींच्या ओसरीवरच वाढलो. विद्या देणाऱ्याने फी मागितली असती तर आज मी वावरात औत धरून उभा असतो. शास्त्रीबोवांपाशी टिळकांनी काव्य आणि वेदान्त पचवला. नाशिकच्या शाळेत थोडे इंग्रजीही शिकले, पण ते शिक्षण तडीस गेले नाही.

आमच्या नांदेडला जी गोदामाई वाहते, तिच्याच वरच्या काठाला नाशिकजवळ जलालपूर म्हणून गाव आहे. तिथल्या गोखल्यांची मनू ही टिळकांना दिली. सासरचे नाव लक्ष्मी. लग्न झाले तेव्हा टिळक अठरा-एकोणीस वर्षांचे आणि मुलगी अकरा-बारा वर्षांची. या मुलीच्या माहेरचे सोवळे असे की बाजारातून आणलेले धान्यसुद्धा धुऊन घेतल्याखेरीज घरात येत नसे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

टिळकांचा पाय एका जागी ठरत नसे. कुठे शिक्षक, कुठे पुराण सांग, कुठे कीर्तन कर, कुठे छापखान्यात खिळे जुळव, असे चालले होते. बायकोला न सांगता उठून जावे, महिनोन्महिने पत्ता नसावा, आणि परत यावे ते खिशात दमडी नसताना. आलाच पैसा, तर वाटेत भेटेल त्या गरजवंताला देऊन मोकळे. संत म्हणून हे वर्णन गोड वाटते, नवरा म्हणून तितकेसे गोड नाही. लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात हे सारे हसत हसत सांगितले आहे. पण त्या हसण्याखाली किती दिवसांची उपासमार आहे ते वाचणाराला कळते.

पुढे नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयाचे काम केले, ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवले. त्या काळी त्यांच्या मनात एकच घोळत होते. या देशाचे इतके अधःपतन का झाले? एका देवाची लेकरे म्हणवणारी माणसे एकमेकांच्या सावलीला का विटाळतात? शास्त्रे उलटीपालटी करून पाहिली, पंडितांशी वाद केले, शेवटी आपणच एखादा नवा धर्म मांडावा इथवर विचार गेला होता.

अशात १८९३ च्या सुमारास राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. संस्कृत काव्यावरून बोलणे निघाले, मग देवाधर्मावर आले. उतरताना त्याने बायबलाचे पुस्तक हाती ठेवले, वाचून पाहा म्हणाला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असेही भाकीत करून गेला. टिळकांना ते हसण्यावारी नेण्यासारखेच वाटले असावे. पण वाचीन असा शब्द दिला होता, म्हणून वाचू लागले. डोंगरावरील प्रवचन म्हणून ख्रिस्ताचा जो उपदेश आहे तिथे आले आणि अडकले. शत्रूवर प्रीती करा, दीन ते धन्य, अशा अर्थाचा तो उपदेश. पुस्तक खाली ठेववेना.

सज्जनहो, इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा पुरुष दुष्काळात पोटासाठी गेलेला नव्हता, नोकरीसाठी गेलेला नव्हता, कोणी भुलवून नेलेला नव्हता. मुंबईचे अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. प्रश्न विचारून विचारून त्यांनी त्या गृहस्थाला जेरीस आणले असणार. मग १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही परदेशी पाद्र्याच्या हातून नव्हे, तर देशी पाळकाच्या हातून घेतला. त्या पाळकाचे नाव तुकाराम नथोजी. नावाचा योग पाहा.

आता त्या काळी ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला कळायचे नाही. तो घराला मेला, इतकेच. आमच्या मराठवाड्याशी संबंध असलेले एक आधीचे उदाहरण आहे. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण गृहस्थ १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतीला, कोर्टाने बापाच्या हवाली केले. त्या पोराला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर त्यांनाच सनातनी मंडळींचा ताप सोसावा लागला. परत येणाऱ्याला सुद्धा दार नव्हते! पुढे हेच नारायण शेषाद्री निजामी मुलखात जालन्याला येऊन राहिले. मांग-महार ख्रिस्ती झाले तर त्यांना गावात जागा नाही, म्हणून सालारजंगांच्या दरबारातून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे गावच वसवले. १८९१ मध्ये ते वारले.

असो. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला ही बातमी लक्ष्मीबाईंना कळली तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळले. पदरी लहानगा दत्तू. माहेरच्यांनी आणि आप्तांनी त्यांना आपल्याकडे ठेवून घेतले. धर्मांतर केलेल्याचा जोडीदार नांदायला येत नसेल तर त्याला कोर्टातून काडीमोड मागता यावी, असा १८६६ पासून कायदा होता. तो हाताशी असता हे गृहस्थ वाट पाहत राहिले. अहमदनगरहून पत्रे लिहीत, कविता लिहीत, मधूनच येऊन भेटत. चारपाच वर्षे असे चालले. अखेर लक्ष्मीबाई आल्या, पण आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊन. एका छपराखाली नवरा ख्रिस्ती आणि बायको त्याच्या पाण्याचा थेंब न शिवणारी! टिळकांनी बळजोरी केली नाही. मग एके दिवशी त्या माउलीच्याच मनात उजाडले की जातपात देवाने केलेली नाही, ती माणसांनी केली. त्यानंतर त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी घ्यायला मागेपुढे पाहिले नाही. धुतलेल्या धान्याच्या घरातली ती मुलगी! लक्षात घ्या, हा बोध त्यांना ख्रिस्ती होण्याच्या आधी झाला. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

आता अहमदनगरची गोष्ट. अमेरिकन मराठी मिशनने तिथे १८३१ पासून ठाण मांडले होते. तिथले ख्रिस्ती बहुतेक महार आणि मांग समाजातले. १८७६-७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७ चा, मग १८९९-१९०० चा, ज्याला आपले लोक छपन्नचा काळ म्हणत. त्याच्या जोडीला १८९६ पासून प्लेग. गावेच्या गावे माळावर झोपड्या घालून राहिली. दाणा नाही, पाणी नाही, लेकरे वाटेवर टाकलेली. निजामीतल्या आमच्या भागातही त्या काळाच्या आठवणी आजीपणजीच्या तोंडून ऐकलेली माणसे मी पाहिली आहेत. अशा वेळी मिशनने काम दिले, धान्य दिले, पोरकी पोरे सांभाळली, आणि माणसे शेकड्यांनी त्या धर्मात गेली.

कोणी म्हणेल, भाकरीसाठी गेले. बरे, भाकरीसाठी गेले. मग ती भाकर द्यायला आपण कुठे होतो? मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा मी हजार वेळा लावली असेल. दुर्गाडीच्या दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारे उघडली, आणि भक्ताची लाज राखायला पांडुरंग विठू महार होऊन बेदरच्या दरबारी हुंडी भरायला गेला. बेदर आमच्या उदगीर-देगलूरपासून दूर नाही. कथा सांगताना माझाही कंठ दाटतो, श्रोत्यांचेही डोळे भरतात. पण देवाने महाराचे रूप घेतले म्हणून रडणारे आम्ही, खऱ्याखुऱ्या महाराला महाद्वाराच्या आत येऊ देत नव्हतो. चोखोबांची समाधी पायरीशी, त्यांची लेकरेही पायरीशी. ते दार उघडायला मे १९४७ उजाडावा लागला, साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. टिळक ख्रिस्ती झाले त्यालाही तेव्हा बावन्न वर्षे होऊन गेली होती. जे त्या दुष्काळात गेले त्यांना दोष देण्याआधी हा हिशेब मांडला पाहिजे.

टिळकांनी त्या दिवसांत काय केले? घरच उघडे टाकले. कोणाची पोरकी पोर आण, कोणाचा अनाथ मुलगा आण, अशी घरात रीघ. लक्ष्मीबाई रांधून रांधून थकत. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानायचा, त्यांच्याच मुलींच्या वेण्या त्या घालू लागल्या. टिळक तिथल्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवीत, १९०४ मध्ये त्यांना पाळकपणाची दीक्षाही मिळाली. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात झळकलेला ठोंबऱ्यांचा पोरगा, ज्याला आपण बालकवी म्हणतो, तोही पुढे याच घरात राहून वाढला. ‘केवढे हे क्रौर्य’ ही पारध्याने मारलेल्या पाखराची कविता आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत पाठ केली असेल. ती यांचीच. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. वाङ्मयाचे लोक त्यावर लिहितात, मी ते त्यांच्याकडे सोडतो. मला सांगायचे आहे ते कीर्तनाचे.

ख्रिस्ती मंडळींची उपासना त्या वेळी कशी होती? बाके, घंटा, बाजाची पेटी, आणि विलायती चालीवर बसवलेली मराठी गीते. आता, ज्याच्या बापजाद्यांनी एकतारीवर रात्र काढली त्याच्या तोंडी तो सूर कसा बसावा? शब्द एकीकडे, ताल एकीकडे. मराठीत ऱ्हस्वदीर्घाचे वजन आहे, अभंगाला आपले चालणे आहे. ते मोडून परक्या चालीत कोंबले की गाणाराचा जीवही त्यात कोंबला जातो. हे टिळकांच्या आधीही काहींना कळले होते. नगर भागात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६० नंतरच्या दशकातच ख्रिस्ती कीर्तनाला सुरुवात केली होती. पण त्या रोपट्याचा वृक्ष केला टिळकांनी. हातात टाळ, साथीला पेटी-मृदंग, पूर्वरंगात एखादे वचन घेऊन निरूपण, उत्तररंगात आख्यान. आख्यान उधळ्या पुत्राचे घ्या. बापाची इस्टेट उधळून, डुकरे राखून, भुकेला होऊन परत आलेला मुलगा, आणि त्याला दुरून पाहून धावत सुटलेला म्हातारा बाप. मी कीर्तनकार म्हणून सांगतो, त्या बापाच्या धावण्यावर नुसती धून धरली तरी सभा हेलावेल. आपल्याकडे भक्तासाठी वैकुंठाहून धावणारा देव आहेच की!

शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर हे नारदीय पद्धतीचे कीर्तन झाले, वारकरी कीर्तन नव्हे. आपल्याकडे एक अभंग घ्यायचा, संतांच्याच प्रमाणांनी तो सोडवायचा, मागे टाळकरी उभे. पूर्वरंग-उत्तररंगाचा थाट आपल्या फडावर चालत नाही. पण टिळकांची पदे पाहिली तर त्यांचा जीव हरिदासी थाटात नाही, अभंगात आहे. ‘अभंगांजली’ असेच त्यांच्या एका संग्रहाचे नाव. मराठी ख्रिस्ती मंडळींचे ‘उपासना संगीत’ म्हणून जे गीतांचे पुस्तक आहे, त्यात त्यांची पदे भरपूर. ओवी, अभंग, दिंडी, साकी, सगळी आपल्या घरची भांडी. किल्लारीच्या म्हातारबाच्या तोंडी जे आले ते याच वाटेने.

टिळक स्वतः सांगत असत की, मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायापर्यंत आलो. हे त्यांचे बोलणे प्रसिद्ध आहे. त्यावर मी पुष्कळ दिवस अडून राहिलो. माझा त्याला नकार आहे, तो इथे नोंदवतो. तुकोबा हा पूल नव्हे. पुलावरून माणूस पलीकडे जातो आणि पूल मागे राहतो. वारकऱ्याला तुकोबांच्या पलीकडे जायचे कुठे आहे? ज्याला विटेवरचे चरण सापडले त्याला पैलतीरही तोच. शिवाय, आपल्या अभंगाचा आणि टाळाचा उपयोग करून मंडळी आपल्याकडे ओढावी, असा हेतू कोणा मिशनऱ्याच्या मनात असेल तर कीर्तन हा काही मासे धरायचा गळ नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पण टिळकांचे चरित्र जितके पाहावे तितके वाटते की, हा माणूस पूल ओलांडला तरी पुलावरून हलला नाही. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे संपादक होते. त्यातही देशभक्ती आणि संतांचा अभिमान त्यांनी सोडला नाही. ख्रिस्ती झालो म्हणजे विलायती झालो नाही, असे ते आपल्याच लोकांना सांगत राहिले. मिशनरी मंडळी प्रेमळ खरी, पण आईबापांसारखी डोक्यावर बसतात, लेकराला मोठे होऊ देत नाहीत, ही तक्रार त्यांनी तोंडावर मांडली.

आणि मग १९१७ साल आले. त्याच साली विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, हे आपणांपैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. कीर्तन करणाराने कीर्तनावर पोट भरू नये, हा महाराजांचा कटाक्ष. त्याच साली तिकडे टिळकांना काही साक्षात्कार झाला म्हणतात. त्यांनी मिशनचा पगार सोडला, मिशनची चाकरी सोडली, आपण आता संन्यासी असे जाहीर केले आणि साताऱ्यास जाऊन राहिले. वय पंचावन्न, मागे प्रपंच. देवाचे नाव सांगायचे त्याचा पगार घ्यायचा नाही, हा निश्चय त्यांनी तुकोबांपासूनच उचलला असे मला मनापासून वाटते. दोघांची गाठ पडली होती की नाही, याचा मला पत्ता नाही. पण साल एक आणि कटाक्षही एक, एवढे खरे. आता आमच्याकडे पाहा. कीर्तनाची तारीख फोनवर ठरते, आकडा आधी ठरतो, अभंग मागाहून. दुसऱ्याला कशाला बोलू, माझ्याही सदऱ्याच्या खिशात पाकीट येतेच. टिळकांच्या चरित्राचे हे पान मी उलटतो तेव्हा त्या पाकिटाचा स्पर्श टोचतो.

साताऱ्याला त्यांनी देवाचा दरबार नावाची मंडळी स्थापली. तिची घटना अशी की बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही तिथे सारखीच जागा. ख्रिस्तावर ज्याचे प्रेम तो आपला, मग तो कोणत्या समाजात नांदतो ते विचारायचे नाही. पुष्कळ पाद्र्यांना हे मानवले नाही. बाप्तिस्म्यावाचून शिष्य कसला, असा त्यांचा प्रश्न. म्हणजे पाहा, एकदा जातीने टाकले, आणि ज्यांच्यासाठी जात सोडली त्यांच्यातही शेवटी हा माणूस एकटाच उभा. दोन्ही काठ त्याला परके झाले. दरबार फार दिवस चालला नाही, कारण चालवणाराच राहिला नाही. त्यांच्या वाटेने जाऊ पाहणारे जॅक विन्स्लो नावाचे एक इंग्रज पाद्री होते. त्यांनी पुढे १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला आणि टिळकांचे चरित्रही इंग्रजीत लिहिले.

१९१८ च्या मे महिन्यात बालकवी भादलीजवळ रेल्वेखाली गेले. पुढच्याच वर्षी टिळकांची प्रकृती खचली. त्यांना मुंबईस नेले. ९ मे १९१९ रोजी त्यांनी देह ठेवला, साठीसुद्धा गाठली नाही. ख्रिस्ती माणसाला पुरतात हा रिवाज. पण टिळकांनी आपल्या देहाला अग्नी द्यावा असे सांगून ठेवले होते, आणि तसेच झाले. रक्षा अहमदनगरला नेऊन तिथे ठेवली.

ज्या ॲबटसाहेबांशी त्यांनी पत्रांतून वाद घातला, त्यांचेही पुढचे आयुष्य आपल्या कामाचे आहे. ते अमेरिकेस परत गेले आणि म्हातारपणी आपले संत इंग्रजीत नेऊन बसवीत राहिले. एकनाथ, बहिणाबाई, तुकोबा, आमच्या अंबाजोगाईचे दासोपंत, आणि महिपतींचा भक्तविजय. हे १९३२ मध्ये वारले तेव्हा भक्तविजयाचे काम छापून यायचे होते. ते पंडित नरहर गोडबोल्यांच्या नावासह त्यांच्या पश्चात निघाले. धर्म पसरवायला आलेला माणूस महिपतीबोवांच्या ओव्यांत रमला.

टिळकांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले होते. दहाएक अध्याय झाले आणि ते गेले. पोथी अर्धी राहणे म्हणजे काय, हे पारायण करणाराला कळते. ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. शाळेचे तोंड न पाहिलेली, नवऱ्याने घरीच लिहावाचायला शिकवलेली ही बाई. मधल्या काळात त्या कराचीला राहून आल्या, नाशिकला आल्या, संसाराचे ओझे चुकले नाही. पण एकेक ओवी जुळवीत त्यांनी पुढचे चौसष्ट अध्याय पुरे केले. त्याच सुमारास १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ छापून येऊ लागले, आणि सारा महाराष्ट्र, ख्रिस्ती असो की सोवळ्यातला, ते पुस्तक एकमेकांच्या हातून ओढून वाचू लागला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये निघाले, ते त्यांच्या दृष्टीस पडले नाही.